नऊला निघाल, बाराला पोहोचाल

“किती वेळ लागतो हो?”

धाकटीच्या खिडकीशी हा प्रश्न दिवसातून तीस-चाळीस वेळा यायचा, आणि प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. विमानतिकिटांचं ऑफिस ते. पुढे काच, काचेला खाली हात शिरेल एवढी फट. काचेच्या आत धाकटी आणि बाहेर सगळं जग. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, हिच्या जिभेवर आकडा. “सात हजार दोनशे किलोमीटर, सव्वाआठ तास. मधे विमान बदललंत तर चौदा धरा.” बावीस वर्षं ती लोकांना अशी उडवत आली होती. स्वतः मात्र जमिनीपासून जास्तीत जास्त उंच गेली ती आपल्या घराच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत, आणि तेही जिन्यानं.

तिची एक खोड होती. तिकीट पाकिटात घालायच्या आधी ती लाल पेन काढायची, ‘स्थानिक वेळ’ या दोन शब्दांखाली दोन रेघा ओढायची आणि म्हणायची, “निघायची वेळ इथल्या घड्याळाची, पोहोचायची तिथल्या. मधे वजाबाकी करू नका.”

लोक हसायचे. एकदा एक गृहस्थ अडून बसले. “नऊला निघून बाराला पोहोचतो म्हणता, मग तीन तासांत दोनदा जेवायला कशाला देतात?”

“म्हणून तर सांगते. पोटाला कळतं ते कागदाला कळत नाही.”

आतून साहेब म्हणाले, “बाई, तिकीट विका. गणिताचा क्लास संध्याकाळी घ्या.”

साहेबांना काय ठाऊक? त्या एका वजाबाकीवर एक आख्खं घर एकोणीस वर्षं उभं होतं, आणि ते धाकटीचंच होतं.

तिचे वडील बस स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, हे लिहिण्यात जन्म गेला. कंट्रोलरच्या बायकोलाही तो हिशेब लागला होता. लिहिता-वाचता बेताचं, पण वेळांच्या बाबतीत आईचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुटली सहाला, लागली दहाला; चार तास, पोरगी दहाला पोहोचली, आता चिंता नको. थोरली लग्न होऊन साडेअकरा हजार किलोमीटरवर निघाली तेव्हा आईनं दोन दिवस अन्नाला स्पर्श केला नव्हता. वडिलांनी तिकीट हातात घेतलं आणि गाडीची पुकारणी करावी तसं वाचलं, “सकाळी नऊला सुटतं. दुपारी बाराला लागतं.”

आईच्या चेहऱ्यावरचं मळभ फिटलं. “तीनच तास? मग ही काय शेजारीच चालली. तीन तासांत तर आपली गाडी घाट उतरत नाही.”

तिकडचं घड्याळ इकडच्यापेक्षा दहा तास मागे होतं. खरी वाट तेरा तासांची होती. वडिलांनी धाकटीकडे पाहिलं, चष्मा पुसला, आणि काही बोलले नाहीत. खोटं ते जन्मात बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत. फक्त खरं सुटायच्या आत त्यांनी फाटक लावलं. आई त्या रात्री पोटभर जेवली.

आणि मग ते फाटक उघडायचं राहूनच गेलं.

तीन तासांवर राहणारी मुलगी वर्षाकाठी तरी यावी की नाही? थोरली एकोणीस वर्षांत दोनदा आली. आई दुपारी एकला फोन करायची तर ही झोपलेली, आवाज घोगरा. “दुपारी एकला घोरते! हिला सासू नाही म्हणून हे चाललंय.” तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असत. पुढे फोनात चेहरे दिसायला लागले. सकाळी आठला बघावं तर थोरलीच्या घरात दिवे. “दिवसाढवळ्या दिवे जाळते, पडदे ओढून बसते.” धाकटी म्हणायची, “उंच इमारती आहेत गं, ऊन आत येत नाही.” एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, गोधडीला ठिगळं लावत जावं तसं.

सहा वर्षांपूर्वी वडील गेले. थोरली पोहोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं उरकल्यावर. आई तिच्याकडे पाठ करून बसली. “तीन तासांची वाट. आणि बापाचं तोंड बघायला दुसरा दिवस उजाडला.”

धाकटी तेव्हाच सांगणार होती. थोरलीनं जिन्यात तिचा हात धरला. “नको. आत्ता तिला कळलं मी किती लांब आहे, तर एका आठवड्यात दोन माणसं गेल्यासारखं होईल. रागावू दे. रागावायला माणूस जवळच लागतं.”

तेव्हापासून आईच्या तोंडी दोन ओळी बसल्या. तिला जुळवायची सवय होती. हातात काम असो नसो, ओठांत काहीतरी चालूच.

*तीन तासांची गं वाट, लेक माझी चालेना,*
*सहा वर्षांचं कुलूप, माझ्या दाराचं हालेना.*

पहिल्या वर्षी ‘एका वर्षाचं’ होतं. वर्ष सरलं की आई आकडा बदलायची. ‘तीन तास’ मात्र तिथेच.

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली आणि डावं अंग लुळं झालं. तेव्हापासून पलंग खिडकीशी आणि पलंगाशी धाकटी. हाक मारण्याऐवजी आई चमचा पेल्यावर वाजवायची: एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस बदल, तीनदा म्हणजे नुसतंच ये. पलंगापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं. न्हाणीघरापर्यंत नऊ. ऑफिस सातशे. जगातली सगळी अंतरं पाठ असलेल्या बाईचं स्वतःचं जग एवढंच. चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ‘धाकटी’च. धाकट्याला मोठं व्हायला घराबाहेर पडावं लागतं, आणि पडायचं तर मागे घर सांभाळायला कोणी असावं लागतं.

अशात थोरलीनं तिकीट पाठवलं. विचारलं नाही, पाठवूनच दिलं.

“अठरा दिवस,” ती फोनवर म्हणाली. “स्टेशनवर न्यायला यावं तशी मी तुला विमानतळावर न्यायला येईन. तू काही करायचं नाहीस. नुसतं झोपायचं.”

“आणि आई?”

“खालच्या नर्सबाईंशी मी बोललेय.”

नर्सबाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, हाताला अजून साबणाचा वास असलेल्या. धाकटी ऑफिसात असली की त्याच वर येऊन आईपाशी बसायच्या; आता राहायला येणार. साहेबांनी रजा दिली, “बाई, बावीस वर्षांत पहिल्यांदा माल चाखून बघताय,” असंही म्हणाले. व्हिसाचा शिक्का बसला. निघायचं गुरुवारी, सकाळी नऊला. धाकटीनं स्वतःचं तिकीट स्वतःच पाकिटात घातलं आणि सवयीनं लाल पेन उचललं. मग ठेवून दिलं.

उरलं एकच. आईला सांगायचं.

तिनं रविवारी सकाळी सांगितलं. वाटलं होतं आई तोंड फिरवील, रडेल, चमचा आपटेल. आईनं शांतपणे विचारलं, “किती वाजता सुटतं?”

“नऊला.”

“म्हणजे बाराला लागतं. अजून तेच आहे ना वेळापत्रक?”

“तेच आहे.”

“मग जा की. विचारतेस काय एवढं?” आईचा उजवा हात हवेत गाडी सोडल्यासारखा हलला. “बाराला पोहोच. जेव. तिला माझ्या वतीनं चार शब्द सुनाव, मऊ नकोत. तीनची धर, सहाला घरात. माझं संध्याकाळचं औषध साडेसहाला असतं, चुकायचं नाही.”

एका मुलीला सोडायला वडिलांनी जे दार उघडं ठेवलं होतं, त्याच दारात दुसरीचा पदर अडकला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दुपारी ती खाली नर्सबाईंकडे गेली. नर्सबाई चादरींच्या घड्या घालत होत्या.

“सांगू विमान बिघडलं म्हणून? रात्री तिथेच राहावं लागलं म्हणून?”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुरुस्तीला दिलं.”

“अठरा दिवस विमान दुरुस्त करणार तू? बसचं टायर पंक्चर असतं तर गोष्ट वेगळी.” नर्सबाईंनी घडीवरून हात फिरवला. “काकू कंट्रोलरच्या बायको आहेत, बाई. तिसऱ्या दिवशी डेपो मॅनेजरचं नाव विचारतील.”

दोघी हसल्या. हसता हसता धाकटीचं हसू मधेच तुटलं. नर्सबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

“सांगून टाक,” त्या म्हणाल्या. “शिळं झालं की खरंसुद्धा बाधतं.”

संध्याकाळी आईला टेकून बसवताना आई स्वतःशीच म्हणाली, “येताना तिला घेऊनच ये म्हणावं. बापाच्या वेळी नाही आली, माझ्या वेळी तरी वेळेवर ये म्हणावं. तीन तास—”

“तीन नाहीत, आई. तेरा.”

“काय तेरा?”

“तेरा तास लागतात. तिकडचं घड्याळ दहा तास मागे आहे. इथे नऊला निघालं की तिकडे पोहोचायला इथले रात्रीचे दहा होतात. तिकडे मात्र दुपारचे बाराच. बाबांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. तू तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस.”

“दुष्काळात तेरावा महिना ऐकला होता,” आई म्हणाली. “हा तेरावा तास कुठून काढलास?”

धाकटीनं पेला आणि वाटी घेऊन समजावलं. पेला म्हणजे इथलं घर, वाटी म्हणजे थोरलीचं. दिवा इकडून तिकडे नेला. आई बोटांवर मोजायला लागली. लुळ्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक उचलून ती मोजत होती, आणि मोजता मोजता तिच्या ओठांतून आवाज येईनासा झाला.

“म्हणजे मी दुपारी एकला फोन करायची तेव्हा…”

“पहाटेचे तीन.”

“आणि ते दिवे?”

“तिथे रात्र असायची.”

“एवढी वर्षं मी त्या पोरीला झोपेतून उठवून आळशी म्हणत होते?” आईनं वाटी उचलून मांडीवर ठेवली. “आणि बापाच्या वेळी ती…”

“बातमी कळल्यावर दोन तासांत घरातून निघाली होती. येतानाची वाट आभाळातच बारा तासांची, आणि घड्याळात बावीस तास जातात.”

“आणि मी तिच्याकडे पाठ करून बसले.”

आईनं फोन मागितला. संध्याकाळचे सात झाले होते. आता तिला मोजता येत होतं. “सकाळचे नऊ ना तिकडे? उठली असेल ना?” पलीकडे थोरलीचा चेहरा उगवला, मागे खरोखरचं ऊन. आईनं त्या उन्हाकडेच आधी पाहिलं.

“झोप झाली का गं?”

एवढंच. एकोणीस वर्षांत आईनं तिला हे कधी विचारलं नव्हतं. थोरलीनं धाकटीकडे पाहिलं, सगळं समजली, आणि ओढणी तोंडाला लावून रडली. आईही रडली. “तू येऊ नकोस हो आता उठसूट. तेरा तास बसून पाय सुजतात. मला कुठे माहीत होतं? तुझ्या बापानं कधी गाडी उशिरा आली तरी मला मिनिटासकट सांगितली, आणि हे बरोबर गिळून बसला.”

बोलणं अर्धा तास चाललं. धाकटी दाराला टेकून ऐकत होती. तिच्या छातीवरून एक दगड उतरत होता, आणि उतरतो तोवर फोन बंद झाला. आई तिच्याकडे वळली.

“तेरा तास,” ती म्हणाली. आवाज आता हळू होता, आणि तो हळू आवाजच धाकटीला ओळखीचा होता. “मग तू गं कशी जाशील?”

“नर्सबाई आहेत ना.”

“आहेत. मी काही अडवत नाही, जायचं तर जा. पण मधेच माझं काही झालं, तर तुला यायला आभाळातच बारा तास. तोवर मी श्वास धरून बसू? थोरलीचं बघितलंस ना काय झालं. तिचीच गत तुझी व्हावी असं वाटतं का तुला?” आईनं वाटी परत जागेवर ठेवली. “आपलं मी बोलले. तू तुझं बघ.”

थोरली सुटली. तेरा तासांनी तिच्या सगळ्या गुन्ह्यांची माफी आणली, आणि तेच तेरा तास धाकटीच्या दाराला अडसर होऊन बसले. तीन तासांवर जाऊ दिलं असतं. तेरा तासांवर नाही. खरं बोलून तिनं बहिणीची बेडी काढली आणि हातात घेऊन बघते तो ती आपल्याच मापाची.

सोमवारी सकाळी ती आईचं अंग पुसत होती. आईचे ओठ हलत होते. नवं जुळत होतं.

*तेरा तासांची गं वाट, लेक माझी आभाळात,*
*तिच्या रातीला मी बाई, हाका मारी उजेडात.*

“छान झाली,” धाकटी म्हणाली. टॉवेल पिळता पिळता तिनं विचारलं, “माझ्यावर नाही गं कधी जुळवलीस?”

“तुझ्यावर कशाला?” आईला खरंच नवल वाटलं. “तू तर इथेच आहेस.”

धाकटीनं टॉवेल पिळला. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

सातशे पावलं चालून ती खिडकीत बसली. पहिल्या गिऱ्हाइकाआधी तिनं स्वतःचं तिकीट पडद्यावर काढलं. खाली यंत्रानं विचारलं होतं: रद्द करायचे, की बदलायचे? तिचं बोट ‘रद्द’वर गेलं. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. एक म्हातारे गृहस्थ, हातात मुलीच्या शहराचं नाव लिहिलेला कागद. थोरलीचंच शहर.

“किती वेळ लागतो हो?”

“तेरा तास,” ती म्हणाली. “नऊला निघाल, बाराला पोहोचाल, पण वजाबाकी…” आणि ती बोलता बोलता थांबली.

“मला कुठे राहायचंय तिथे,” म्हातारा म्हणाला. “मुलीचे कागद तेवढे हातात द्यायचे. लगेच परत फिरता येतं का?”

“येतं,” धाकटी सावकाश म्हणाली. “तेच विमान तीनला परत निघतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला इथे.”

बावीस वर्षं ती ही वेळ लोकांना सांगत होती. बाराला पोहोच, तीनची धर. आईचंच वेळापत्रक. सहाला घरात नाही होणार, पण दुसऱ्या दिवशी एकला होईल. तिनं म्हाताऱ्याचं काम केलं, रेघा ओढल्या, त्याला रवाना केलं. मग आपल्या तिकिटाशी बसली. जमिनीवर तीन तास. त्यातला एक शिक्क्यांच्या रांगेत जाणार, एक परतीच्या तपासणीत. उरतो एक.

तिनं ‘बदला’ दाबलं.

साहेब मागून पडद्यात डोकावले. “बाई, पंचवीस तास आभाळात, कशासाठी?”

“एका तासासाठी.”

“कोणी शहाणा माणूस असं तिकीट काढील का?”

“म्हणूनच अजून एकही विकलं गेलं नव्हतं,” ती म्हणाली. “सकाळपासून दोन गेली.”

घरी गेल्यावर तिनं बूटसुद्धा काढले नाहीत. तशीच आईपर्यंत चालत गेली. “गुरुवारी सकाळी जाते. बाराला पोहोचते, तीनची धरते. शुक्रवारी दुपारी एकला तुझ्यापाशी. ताई विमानतळावरच भेटेल.”

“अठरा दिवस म्हणत होतीस ना?”

“अठरा दिवस रद्द. एक तास जाते. तूच म्हणालीस, बाराला पोहोच, तीनची धर.”

“तेव्हा मला तेरा कुठे ठाऊक होते.” आईनं बोटं उचलली. आज तिला कोणी पेला-वाटी मांडून द्यायची गरज नव्हती. ती मोजत गेली, एकदा, मग पुन्हा एकदा, कुठेतरी अडचण सापडावी म्हणून. “आणि त्या रात्री माझं काही झालं तर?”

“तर मी आभाळात असेन.”

इतकं सरळ धाकटी कधी बोलली नव्हती. तिनं पलंगाचा दांडा धरला, पण शब्द मागे घेतला नाही. आईनं तिच्या पायांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

“जाड मोजे घाल,” ती म्हणाली. “पाय सुजतील.”

मग चमचा उचलला, पण वाजवला नाही; नुसताच धरून ठेवला. धाकटी औषध आणायला ओट्याकडे गेली. अकरावं पाऊल टाकलं तेव्हा मागून पुटपुटणं ऐकू आलं. *एका तासाची पाहुणी, धाकटी माझी…* तिथेच थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, पुन्हा तिथेच अडलं.

“ऐकलंस का गं,” आईनं आतून विचारलं, “पुढे काय टाकू? बसत नाहीये काही.”

धाकटीनं गोळी हातावर घेतली.

“राहू दे अर्धीच,” ती म्हणाली. “शुक्रवारी दुपारपर्यंत जुळव.”